खांद्याला झेपेल एवढीच ताकद

कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच घ्यायचं ठरवलं की पहिल्या अर्ध्या तासातच तुम्ही आकड्यांच्या नादी लागता. एका खोक्यावर ३५० न्यूटन-मीटर, दुसऱ्यावर ७००, तिसऱ्यावर १०००. मग मोठंच घेऊया की! फोन घेताना आपण हेच करतो. त्यात मी सॉफ्टवेअरवाला. तुलनेचा तक्ता केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

यंत्र हवं होतं बाबांसाठी. ते तळोजा एमआयडीसीत फिटर होते. निवृत्तीनंतरही आमच्या जुन्या हॅचबॅकचं बरंचसं काम ते नावड्यातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच करायचे. गेल्या वर्षी त्यांचा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी सांगितलं, झटका देऊन जोर लावायचा नाही. आई म्हणाली, "आता गाडी गॅरेजला देत जा." बाबा काहीच बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून हत्यारांची पेटी पलंगाखालून बाहेर आली नाही, आणि ते मला बघवेना.

आधी हिशोब केला. छोट्या गाडीच्या चाकाचे नट साधारण ८५ ते १२० न्यूटन-मीटरला आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळतो. फूटभर लांब पान्याच्या टोकावर ३० किलोचा भार दिला की जवळपास ९० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे नीट आवळलेला नट हातानंही सुटतो. त्रास देतात ते पावसाळ्यात गंजलेले आणि टायरच्या दुकानात एअर गननं दणादण आवळलेले नट. एकदा असाच एक नट मी पान्यावर उभा राहिलो तेव्हा सुटला.

अशा नटालाही दोन-तीन पट ताकद पुरते. म्हणजे ३०० ते ४०० न्यूटन-मीटर. हजारवालं यंत्र कळंबोलीच्या ट्रकांना शोभेल, आमच्या हॅचबॅकला नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे हे यंत्र ड्रिलसारखं नुसतं पिळत नाही. नट अडला की आतला फिरता हातोडा मिनिटाला हजारो ठोके देतो. ते नटाला बसतात, मनगटाला पीळ फारसा येत नाही. खांदा दुखणाऱ्या माणसाला हेच हवं. मग तक्त्यात मी वजनाचा रकाना सगळ्यात वर आणला. मोठी यंत्रं बॅटरीसकट तीन किलोच्या आसपास जातात, छोटी दोनच्या आत बसतात. एक किलोचा फरक कागदावर काहीच नाही. चार चाकांचे सोळा नट सोडताना मात्र तो थेट खांद्यावर येतो.

व्होल्टच्या गोंधळातही पडू नका. बऱ्याच खोक्यांवरचे '२० व्होल्ट मॅक्स' आणि '१८ व्होल्ट' एकच असतात. आत पाच सेल असतात. पूर्ण चार्ज झाल्यावरचा आकडा २०, सरासरी १८. घरात ड्रिल असेल तर त्याचीच बॅटरी चालणारं यंत्र घ्या. ब्रशलेस मोटर, अर्ध्या इंचाचा चौकोनी दांडा आणि काळे इम्पॅक्ट सॉकेट बघा. नेहमीचे चकचकीत सॉकेट या ठोक्यांनी तडकू शकतात.

आता उरलेल्या पैशांत टॉर्क रेंच. बाबा हसले. "अरे, तीस वर्षं मला हाताला कळतंय." खरंच कळायचं. पण तो अंदाज त्याच खांद्यात होता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. नट कमी आवळला तर चाक सैल होतं, जास्त आवळला तर स्टड ताणला जातो. गाडीत आई बसते. मी एवढंच म्हणालो, "तुम्ही सोडा, मी आवळतो."

आता तसंच चालतं. यंत्र बाबांच्या हातात, तेही बहुतेक डाव्या. नट ते सोडतात. लावताना मी आधी बोटांनी बसवतो, गाडी जॅकवरून खाली आली की टॉर्क रेंच 'टक्' वाजेपर्यंत ओढतो. बाबा शेजारी स्टुलावर बसून लक्ष ठेवतात. "शेजारचा नको, समोरचा घे." चाक हबवर सारखं बसायचं तर नट असेच समोरासमोर आवळायचे असतात.

तक्त्यात या गोष्टीला रकाना नव्हता. हत्यारांची पेटी आता दारामागे असते, हाताशी.