डबी आणि आतला ठेवा

दिवाळी सरली, भात घरात आला, की आमच्या झाडीपट्टीत रात्ररात्र नाटके रंगतात. वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात. आमच्या तीर्थरूपांनी त्यांतली कित्येक नाटके ध्वनिमुद्रित केली. ते गेले, आवाज घरच्या संगणकात राहिले. आता तिथे जागा उरली नाही, म्हणून बाहेरून जोडायची एसएसडी आणि तिची डबी, म्हणजे एन्क्लोजर, घ्यायचे ठरले.

दुकानदाराने सर्वांत वेगवान एनव्हीएमई पुढे केली. पण आमच्या संगणकाचा यूएसबी पोर्ट सेकंदाला ५ गिगाबिटचा. १० गिगाबिटची डबी जोडली तरी वेग पाचाचाच! शिवाय चंद्रपूरचा मे महिना: पारा ४५ अंशांपलीकडे. एनव्हीएमई आधीच तापट. फार तापली की आपणहून मंदावते. म्हणून अडीच इंची साटा एसएसडी घेतली, आणि डबी अ‍ॅल्युमिनियमची, आतली उष्णता बाहेर टाकणारी.

सौभाग्यवतीने विचारले, "मामंजींचा सगळा ठेवा एकाच डबीत? घरात मिठाच्यासुद्धा दोन बरण्या आहेत!"

तिचे खरे होते. दुसरी प्रत साध्या हार्ड डिस्कवर करून गडचिरोलीला बहिणीकडे ठेवली. एसएसडी वर्षानुवर्षे विजेवाचून, त्यातून उकाड्यात पडली, तर आतला मजकूर पुसट होऊ शकतो. तेव्हा वाचकहो, ती कपाटात जपू नका. अधूनमधून जोडा आणि ऐका. आवाज ऐकण्यासाठीच तर साठवायचे!