गाडी आमच्या नावाची

आमच्या वारंगा फाट्यावर गाड्यांना तोटा नाही. अकोल्याकडून हिंगोलीमार्गे येणारा रस्ता आणि नागपूर-यवतमाळकडून येणारा रस्ता इथे एक होतात आणि पुढे नांदेडला जातात. रात्रभर ट्रक, ट्रॅव्हल्सची घरघर चालू असते. पण आमच्या दारात स्वतःची चारचाकी उभी राहायला २०२३ साल उजाडले.

आमच्या यांनी २२ वर्षे एका कंपनीत ड्रायव्हरकी केली. आधी जीप, मग सुमो, शेवटी इनोव्हा. डिझेल कंपनीचे, टायर कंपनीचे, विमाही कंपनीचा. यांनी फक्त गाडीत कागद आहेत ना, एवढे बघायचे. निवृत्तीचे पैसे आले त्यातून नांदेडच्या एका गृहस्थाची जुनी स्विफ्ट घेतली. तिचा विमा वीस दिवसांत संपणार होता.

विम्याचे काम करणारा फाट्यावरचाच पोरगा घरी आला. म्हणाला, "काका, नो क्लेम बोनस किती आहे?" हे उठले, पेटीतून निरोपाच्या दिवशीचे पत्र काढून आणले. २२ वर्षांत एकही अपघात नाही, असे त्यावर साहेबांच्या सहीनिशी लिहिले आहे. पोराने ते दोनदा वाचले आणि हळूच परत दिले. "काका, बोनस विमा ज्याच्या नावावर असतो त्याचा. तुम्ही नीट चालवली, सवलत कंपनीला मिळाली."

हे काही बोलले नाहीत. आम्हालाच राग आला. रात्री-अपरात्री डोळे ताणून गाडी सांभाळायची यांनी आणि बक्षीस मालकाला! विलायतेत काही विमा कंपन्या मालकाचे असे पत्र विचारात घेतात म्हणे. आपल्याकडे तसे नाही. वर्षभर भरपाई मागितली नाही तर पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट मिळते, ती पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. तीही गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावरच. दुसऱ्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरात आमच्या एवढ्या इंजिनाच्या गाडीला तो ३,४१६ रुपये होता, कर वेगळा. तिथे कुणालाच सूट नाही.

मग पोराने एक वाट सुचवली. आधीच्या मालकाला ५० टक्के बोनस होता. "त्यांच्याच नावाने नूतनीकरण करू. तीन हजार वाचतील. नाव काय, नंतर बदलू."

तीन हजार म्हणजे आमच्या घरात महिन्याचा किराणा. खोटे कशाला बोलावे, मन डळमळले. त्या रात्री जेवणे उशिरा झाली. पण हे म्हणाले, "अगं, उद्या गाडी ठोकली तर विमा त्या माणसाचा आणि गाडी आपली. दोघांनाही पैसा मिळायचा नाही." खरेच होते ते. गाडी विकली की थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे येते, पण आपल्या गाडीच्या नुकसानीचे आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीला अर्ज द्यावा लागतो. आणि जुना बोनस जुन्या मालकापाशीच राहतो.

हिंगोलीच्या आर.टी.ओ. कचेरीत दोन खेपा झाल्या. पाटी नांदेडची, एम.एच. २६ चीच राहिली, नाव तेवढे आमचे लागले. विमा कोऱ्या बोनसवर, पूर्ण हप्ता भरून घेतला. त्यातच मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. त्याच्या वारसाच्या रकान्यात यांनी आमचे नाव घातले.

गाडी आली तशी शेजारपाजारची माणसेही येऊ लागली. "नांदेडच्या दवाखान्यात सोडा, भाडे देतो." आम्ही सोडतो, भाडे घेत नाही. भाड्याने चालवली तर हा खासगी विमा उपयोगाचा नाही. काहींना तो आमचा मोठेपणा वाटतो, काहींना शिष्टपणा. समजावून सांगता सांगता चहा थंड होतो.

पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा कागद आला. २० टक्के सूट पडली होती. यांनी चष्मा लावून आधी नाव वाचले, मग रक्कम. आणि तो कागद पेटीत, साहेबांच्या पत्रावर ठेवला.