न सोडलेले गाठोडे

दर दिवाळीला मी पुण्याहून मांजरसुंब्याला जातो, तेव्हा माझ्याबरोबर दोन डाग असतात. एकात फराळाचे सामान, दुसऱ्यात वाचायचे राहिलेले कागद. जामखेड, पाटोदा मागे पडून घराजवळचे डोंगर दिसू लागले, की यंदा सगळे वाचून काढायचे असा माझा निश्चय होतो. चार दिवसांनी डबे रिकामे होऊन परततात. कागदांचे गाठोडे जसेच्या तसे!

माझा धंदा इमारतींच्या ऊर्जेचा हिशेब करण्याचा. भिंतीतून उष्णता किती येते, काचेतून ऊन किती शिरते, वातानुकूलनाला वीज किती लागते, हे मी मांडून देतो. हा धंदा वाचल्याशिवाय करता येत नाही आणि करीत असताना वाचायला सवड होत नाही. २००७ साली इमारतींची ऊर्जासंहिता निघाली. ती अंगवळणी पडते न पडते तोच २०१७ साली नवी आली. २०१८ मध्ये घरांसाठी 'इको-निवास संहिता' आली, २०२४ मध्ये पुन्हा सुधारणा. शिवाय मासिके आहेतच. निदान चाळावीत म्हणून मी ती उशाशी ठेवतो; कधीकधी तीच उशी होते.

इथवरचे हसण्यावारी नेता येईल. पुढचे नाही.

आमचे जुने घर माळवदाचे. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि मातीचा जाड थर. वैशाखातही आत गारवा असे. पण दर पावसाळ्यापूर्वी वर पांढरी माती टाकावी लागे, आणि तरी गळायचे ते गळेच. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती, अशीच जड छते माणसांवर कोसळली. तेव्हापासून आईला त्या छताखाली सुखाची झोप लागेना. २००८ साली मी माळवद उतरवून स्लॅब टाकला. भावकीने कौतुक केले. आई मात्र पहिल्याच उन्हाळ्यात बाज अंगणात टाकू लागली. मी पंखा आणला, मग कूलर आणला. कारण काही शोधले नाही.

२०२२ च्या दिवाळीत एका दुपारी वीज गेली आणि मी गाठोडे सोडले. तळाशी २००७ ची संहिता निघाली. सपाट छताने अंगावर पडणाऱ्या उन्हाचा निदान ०.७० भाग परतवावा, असे तिच्यात होते. नियम मोठ्या व्यापारी इमारतींसाठी. पण ऊन का घर बघून पडते? काळवंडलेला उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. हे मी परीक्षेत लिहिले होते. आईच्या छताला लावून पाहिले नव्हते.

चकल्या तळता तळता आईने सारे ऐकून घेतले. "म्हंजी पंधरा वर्सं हे तुझ्या पिशवीत व्हतं?" तिने विचारले. रागाने नव्हे, तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

भाऊबीज झाल्यावर मी छताला चुन्याचे दोन हात दिले. तेवढ्याने माळवदाचा गारवा येत नाही. दुपारी आता आत बसवते. रात्री बाज अजून अंगणातच असते. चुना दरसाल द्यावा लागतो, पांढऱ्या मातीसारखाच.

गाठोडे मी अजूनही नेतो. मात्र वाटेत निश्चय करीत नाही. पायरीवर चप्पल काढतो न काढतो तोच आई विचारते, "यंदा काय आणलंस?" आणि निदान एक कागद तरी वाचून तिला सांगावा लागतो.