जागलीतलं जंगल

बोरी अरबला कार्तिकात रात्र लवकर उतरते. दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरची वर्दळ ओसरली, अडाण नदीकडून गार वारा यायला लागला, की टॉर्च, काठी आणि घोंगडी घेतलेली माणसं जेवण आटोपून शेताच्या वाटेला लागतात. जागलीला चाललेली ही माणसं. पऱ्हाटीची बोंडं फुटत असतात, तूर फुलावर आलेली असते, हरभऱ्याची कोवळी तासं नुकती हिरवी दिसू लागलेली असतात. आणि या तिन्हींची खबर रोह्याला, म्हणजे नीलगायीला, आणि रानडुकराला शेतकऱ्याइतकीच नेमकी असते. मग रात्रभर एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर हाका जातात, कुठे डबा वाजतो, कुठे टॉर्चचा झोत तुरीच्या शेंड्यांवरून फिरून जातो. मधल्या शांततेत पिंगळा बोलतो, रातव्याची टकटक ऐकू येते, नदीच्या अंगाने कोल्हे एकदम हुकी देतात आणि एकदमच थांबतात.

या जागलीत सतरा-अठरा वर्षांची पोरंही असतात. बापाने दिवसभर फवारणी नाही तर वेचणीची माणसं सांभाळलेली असतात, म्हणून रात्र पोराच्या वाट्याला येते. त्याच्याजवळ बसून पाहावं. अंधारात काहीतरी हाललं की तो आधी श्वास रोखतो, मग सांगतो. डुकरं असली तर माती उकरल्याचा आणि घुरघुरण्याचा आवाज आधी येतो, कळप मागून दिसतो. रोही मात्र कितीतरी वेळ नुसता उभा असतो. कुत्रं भुंकलं तरी उभा, आणि निघाला की पऱ्हाटी मोडत सरळ निघतो. रोही लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा त्याच जागेवर येतो, म्हणून धुऱ्याजवळचा ढीग ताजा आहे की वाळलेला, एवढ्यावरून कालची रात्र वाचता येते. सायाळीने कंद उकरला तर खड्डा कसा दिसतो, मसन्याऊद झाडावरून कुठल्या बाजूने उतरतं, खोकड पऱ्हाटीत शिरलं तर ते उंदरांसाठी आलं आहे, त्याला हुसकायचं नाही, हे सगळं या पोराला येतं. कुणी मुद्दाम शिकवलेलं नसतं. अंगावरून रात्री गेलेल्या असतात.

हाच पोरगा सकाळी बसने कॉलेजात जातो. यवतमाळ जिल्ह्यातली कॉलेजं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी जोडलेली आहेत, त्यामुळे त्याच्या गुणपत्रिकेवर गाडगेबाबांचं नाव असतं. पदवीच्या वर्षांत त्याला पर्यावरणाचा विषय घ्यावाच लागतो. या विषयाची कहाणी मोठी आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण सक्तीचं करावं असं सांगितलं, २००३ मध्ये पुन्हा कडक शब्दांत बजावलं, आणि मग विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखून दिला. पन्नास तासांचा. त्यातले पाच तास बाहेर जाण्यासाठी राखून ठेवले होते : जवळची नदी, डोंगर, गवताळ रान पाहा, तिथली झाडं, कीटक, पक्षी ओळखा आणि लिहून काढा. अभ्यासक्रम करणाऱ्यांना मूळ गोष्ट नेमकी कळली होती, असं ते पान वाचताना वाटतं. पण कित्येक ठिकाणी ते पाच तास वर्गातच संपतात. प्रकल्पवही मागच्या वर्षीच्या वहीवरून उतरवली जाते आणि तिच्यात हिमालयातल्या कस्तुरीमृगाचं चित्र चिकटवलेलं असतं. काल रात्री ज्याने रोह्याचा कळप परतवून लावला, तो सकाळी कस्तुरीमृगाबद्दल दोन पानं लिहितो, आणि त्याच्या स्वतःच्या रात्रीबद्दल त्याला एक ओळही कुणी विचारत नाही. मला या गोष्टीचं मनापासून दुःख होतं.

अमरावतीच्या विद्यापीठाचा परिसर ज्याने पाहिला असेल, त्याला याहून वेगळं काय होऊ शकतं हे समजेल. १ मे १९८३ रोजी हे विद्यापीठ सुरू झालं. शहराच्या कडेला, मार्डी रस्त्याला, दाजीसाहेब पटवर्धनांच्या तपोवनाच्या शेजारी त्याला सुमारे ४७० एकर जागा मिळाली. पलीकडे पोहऱ्याची टेकडी आणि पोहरा-मालखेडचं जंगल. इमारती उभ्या राहिल्या, पण त्या सगळ्या जागेला पुरल्या नाहीत, आणि ही चांगली गोष्ट झाली. उरलेल्या जागेत कुणी नांगर घातला नाही, गुरं चारली नाहीत. पळस, बाभूळ, बोर, निंब आपापले वाढले, तळ्यांत पाणी साठलं, पाण्यावर हिवाळ्यात बदकं आणि काठाला बगळे, खंड्या, धोबी यायला लागले. मोरांची केका तर परीक्षेच्या दिवसांतही ऐकू येते. बिबट्या दिसल्याच्या बातम्या या परिसरातून वारंवार येतात. जंगल आणि विद्यापीठ यांच्यामधली रेषा बिबट्याने कधी मानलीच नाही. ज्या आवारात हजारो विद्यार्थी फॉर्म भरायला, मार्कशीट घ्यायला येतात, त्याच आवारात रात्री बिबट्या पाणी पितो, हे महाराष्ट्रातल्या किती विद्यापीठांना म्हणता येईल?

बोरी अरबच्या पोराला इथे आणलं, तर तो बिबट्यापेक्षा गवताकडे आधी पाहील असं मला वाटतं. कमरेइतकं गवत. पवन्या, मारवेल, कुसळी ही त्याच्या ओळखीचीच, पण घरी ती बोटभर उंचीच्या वर जाताना त्याने क्वचितच पाहिलेली असतात, कारण गावची सगळी गुरं ई-क्लासवर असतात. विदर्भात गावोगावी ही ई-क्लासची जमीन आहे. सरकारी कागदात ती गुरचरण म्हणून नोंदलेली. लोकांच्या बोलण्यात मुरमाड, खडकाळ, काहीच न पिकणारी. पडीक म्हटलं की माणसाचे हात मोकळे होतात. कुणी मुरूम खणतो, कुणी वखर घालून दोन तासं पुढे सरकतो, कधी तिथे एखादी योजना येते आणि खड्डे करून रोपं लावली जातात. गवताळ माळावर झाडं लावणं म्हणजे माळ मारणंच आहे, हे अजून आपल्याकडे पटवून द्यावं लागतं.

त्या पडीक माळावर उन्हाळ्याच्या शेवटी चालत जावं. मुरमाचे बारीक खडे, मधूनमधून वाळलेल्या लेंड्या, एखादी तरवडाची फांदी. एकाएकी डोक्यावर टिटवी ओरडायला लागते. आपण पुढे गेलो की ती खाली झेपावते, बाजूला झालो की गप्प होते. तिच्या आवाजाच्या चढउतारावरून आपण घरट्याच्या किती जवळ आलो हे समजतं, पण घरटं दिसत नाही. घरटं असं काही नसतंच. मुरमात एक उथळ खळगा, भोवती खडे आणि लेंड्या मांडलेल्या, आणि आत चार अंडी, निमुळती टोकं मध्यभागी वळवलेली. अंड्यांचा रंग मातकट, त्यावर काळपट ठिपके. आपण त्यांच्याकडेच पाहत असतो तरी पापणी लवली की ती पुन्हा खड्यांत हरवतात. वऱ्हाडातले म्हातारे या अंड्यांवरून पाऊस सांगतात. "खळग्यात घातली बाप्पा यंदा, पाणी बेताचंच हाये," असं एखादे आबाजी सांगतील, आणि उंचवट्यावर घातली तर पूर येणार म्हणतील. हा अंदाज खरा ठरतो की नाही, हे तपासायला कॉलेजच्या पोरांना किती सुंदर काम आहे! दर वर्षी माळावरची घरटी शोधायची, खळगा की उंचवटा ते लिहायचं, अंडी मोजायची, हात लावायचा नाही, आणि तालुक्याचा पाऊस समोर मांडायचा. पाच-सात वर्षांत उत्तर येईल. उत्तर काहीही येवो, त्या वर्षांत माळावर पोरं फिरत असतील आणि मुरूम नेणाऱ्या ट्रॅक्टरला कुणीतरी पाहत असेल.

या गवताची सर्वांत मोठी ठेव तणमोर. पावसाळ्यात नर गवतातून उभा वर उडी घेतो, क्षणभर माणसाएवढ्या उंचीवर पंख फडफडवतो आणि परत गवतात बुडतो. मादीने पाहावं म्हणून दिवसातून शेकडो वेळा. गवत नसेल तर तो उडी मारणार कुठून आणि मादी लपणार कुठे? २०२१ मध्ये जगातल्या अतिसंकटग्रस्त जातींत त्याची नोंद झाली. अकोला-वाशिमच्या माळांवर त्याच्या नोंदी आहेत, आणि त्या मिळण्यामागे फासेपारधी समाजाचे डोळे आहेत. कारंजा लाडची ‘संवेदना’ ही संस्था आणि तिचे कौस्तुभ पांढरीपांडे यांनी या समाजासोबत माळ राखण्याचं काम उभं केलं. ज्यांना कायद्याने आणि गावाने केवळ शिकारी म्हणून ओळखलं, त्यांनाच पक्ष्याची सवय, वेळ, पाऊलवाट ठाऊक होती. त्यांचं ज्ञान आधी मान्य केलं गेलं, राखणं त्यानंतर आलं. कारंज्याजवळच काळविटांसाठी सोहोळचं अभयारण्य आहे, जेमतेम १८ चौरस किलोमीटरचं, आणि तेही मुळात माळच. अडाण कारंज्याच्या बाजूनेच आपल्याकडे येते.

पण जंगलाविषयी शिकवायचं तर या जिल्ह्यात केवळ पक्ष्यांवर थांबता येत नाही. केळापूर तालुक्यातलं टिपेश्वर अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं. तिथल्या वाघांना ते पुरत नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरचा एक तरुण वाघ रेडिओ कॉलर गळ्यात घेऊन निघाला. मराठवाड्याच्या आणि तेलंगणाच्या सीमा ओलांडत, शेतांतून, नाल्यांतून, रात्री चालत आणि दिवसा पऱ्हाटीत दडत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढची भटकंती धरून ३,००० किलोमीटरच्या वर त्याची चाल मोजली गेली. त्याला ‘वॉकर’ हे नाव मिळालं. इतक्या लांबच्या वाटेत त्याने माणसावर एकदाच हल्ला केला, तोही अगदी जवळ गेलेल्या माणसावर. तो ज्या ज्या धुऱ्यांवरून गेला, तिथे कुणीतरी जागलीला बसलेलं असणार.

त्याच्या एकच वर्ष आधी, २ नोव्हेंबर २०१८ रोजी, राळेगावच्या बाजूला ‘अवनी’ वाघिणीला गोळी घातली गेली. तेरा माणसांचे जीव तिच्या नावावर धरले होते. मुंबई-दिल्लीत तिच्यासाठी मेणबत्त्या लागल्या. गावांत त्या रात्री लोक सुटल्यासारखे झोपले. दोन्ही बाजूंना मन असलेली माणसं होती. पांढरकवडा-राळेगावच्या ज्या घरांतला माणूस सरपणाला किंवा शेतात गेला आणि परतला नाही, त्या घरांतली मुलंही याच विद्यापीठाच्या वर्गात बसतात. त्यांच्यासमोर वाघ वाचवा असं फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकाने आधी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसावं, असं मला फार वाटतं.

गाडगेबाबा हेच करायचे. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नच प्रश्न. समोरच्या अडाणी शेतकऱ्याला ते विचारत, त्याच्या तोंडून उत्तर काढत, आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. देवापुढे बोकड कापणाऱ्यांनाही त्यांनी असेच विचारत विचारत थांबवलं. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात रानाचा अभ्यास व्हायचा तो याच रीतीने व्हावा. रोह्याने किती तूर खाल्ली? पंचनामा झाला का? कुंपणाला झटका मशीन लावल्यावर रोही शेजारच्या शेतात गेले का? मग शेजाऱ्याने काय केलं? पूर्वी इतके रोही होते का, आणि लांडगे होते तेव्हा? शेवटच्या प्रश्नाला आबाजींकडे जावंच लागेल, कारण या माळांवर लांडगा रोजचा होता ते दिवस त्यांनीच पाहिलेले आहेत.

आणि फवारणी. २०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, वारा उलटा आला की औषध तोंडावर. ज्या औषधाने माणसं गेली, त्याने त्याच शेतातल्या किडे खाणाऱ्या पाखरांचं काय झालं असेल, हे फारसं कुणी पाहिलं नाही. ते साहजिक होतं. घरात मयत असताना पाखरं कोण मोजतो. पण पर्यावरणाच्या तासाला हा विषय आला, तर या दोन्ही गोष्टी एकाच वहीत लिहाव्या लागतील.

कृषी खात्याची माणसं गेली कित्येक वर्षं पक्षीथांबे लावायला सांगतात. तुरीत किंवा हरभऱ्यात टी आकाराची काठी उभी करायची, पिकाच्या थोडी वर. सकाळी ऊन चढताना तिच्यावर कोतवाल येऊन बसतो. काळाकुळकुळीत, शेपटी दुभंगलेली. तो मान वळवून खाली पाहतो, सूर मारतो, चोचीत हिरवी अळी घेऊन परत त्याच काठीवर. अळी दोनदा काठीवर आपटतो, गिळतो, पुन्हा मान वळवतो. त्याच्या मागून कधी नीलपंख येतो, आणि तो आला की कोतवाल थोडा बाजूला सरकतो. काठीखालच्या झाडांवर विष्ठेचे पांढरे ठिपके पडलेले दिसले, म्हणजे थांबा चालू आहे. एका एकराला किती थांबे लावावेत, कोतवाल तासाला किती अळ्या नेतो, फवारलेल्या शेतावर तो बसतो का, बसला तर किती दिवसांनी : पदवीच्या पोरांना वही आणि घड्याळ घेऊन करण्यासारखा हा अभ्यास आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

अमरावतीला वर्षातून एकदा बस काढावी. पोहऱ्याच्या पायथ्याचं ते राखलेलं गवत, तळ्यावरची बदकं, चिखलातला बिबट्याचा पंजा या पोरांनी बघितलाच पाहिजे. अभ्यासक्रमातले ते पाच तास मात्र बोरी अरबच्या शिवारातच घ्यावेत : एक ई-क्लासवर, एक अडाणच्या काठी बाभळीला लोंबणाऱ्या सुगरणीच्या घरट्यांखाली, एक आबाजींच्या ओसरीवर, एक पक्षीथांब्याशेजारी, आणि एक रात्री, जागलीत. त्या शेवटच्या तासाला प्राध्यापकांनी प्रश्न विचारावेत आणि पोरांनी शिकवावं.