इथून मागे जा

माझ्या आजीला एखाद्या वस्तूचा ठिकाणा विचारला, की ती स्वतः बसली असेल तिथून सांगायची. “इथून मागे जा, आणखी मागे, मग डाव्या हाताच्या फडताळात हिंग.” आजी माजघरात असेपर्यंत हा पत्ता अचूक. ती ओसरीवर येऊन बसली, की तोच पत्ता आम्हांला भलत्याच खोलीत नेऊन सोडी.

ही आठवण निघाली ती गेल्या दिवाळीच्या तोंडावर, आणि तीही कचेरीत. माझा धंदा वेबसाइटी बांधण्याचा. आमचे एक गिऱ्हाईक परदेशी फराळ पाठवते. कोणत्या देशाची मागणी कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची, हा हिशेब आम्ही तीन ठिकाणी लिहिला होता : मागणीच्या पानावर, बिलात आणि पार्सलच्या चिठ्ठीत. लिहिला कसला, एकदा लिहून दोनदा उतरवला होता! आदल्या वर्षी एका ठिकाणी दुरुस्ती झाली, दोन ठिकाणी राहिली. पान म्हणे ‘उद्यापर्यंत चालेल’ आणि बिल म्हणे ‘मुदत संपली’. तेव्हा ठरवले, की हिशेब एकाच फाइलीत ठेवायचा आणि ज्याला हवा त्याने तिथून मागून न्यायचा. अशा स्वतंत्र तुकड्याला आमच्यात मॉड्यूल म्हणतात. डेव्हिड पार्नास ह्या गृहस्थांनी १९७२ सालीच लिहून ठेवले आहे, की जे उद्या बदलण्याचा संभव आहे ते एकेका मॉड्यूलच्या पोटात दडवावे, इतरांना त्याचा पत्ता लागू देऊ नये. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ ची. तिला स्वतःची मॉड्यूले मिळायला २०१५ उजाडले. मग आम्हांला उशीर झाला ह्यात नवल ते काय?

फाइल हलवली आणि आजी आठवली. दुसऱ्या फाइलीतून काही आणायचे, तर आम्ही दोन टिंबे आणि एक तिरपी रेघ लिहितो. अर्थ, ‘एक फोल्डर मागे जा’. कुठे तीनदा मागे, कुठे चारदा. फाइलीने जागा बदलली, की सारे पत्ते भलत्या खोलीत! ह्यावर उपाय असा, की प्रकल्पाच्या मुळाला एक टोपणनाव द्यायचे आणि प्रत्येक पत्ता तिथूनच मोजायचा, जसा वाड्याच्या दिंडीदरवाजापासून. सांगणारा कुठे का बसेना. मात्र हे टोपणनाव टाइपस्क्रिप्टला सांगून भागले नाही. ते स्वतःपुरते समजून घेते, तयार मजकुरातला पत्ता काही बदलत नाही. बांधणी करणाऱ्या व्हीटला पुन्हा वेगळे सांगावे लागले. एकाच लग्नाचे आमंत्रण नवऱ्याला वेगळे आणि बायकोला वेगळे!

संध्याकाळपर्यंत माझ्या यंत्रावर सारे सुरळीत. सर्व्हरवर मात्र एकच पालुपद : ‘मॉड्यूल सापडत नाही.’ आणि नव्या तारखा तर त्याच रात्री पानावर जायच्या होत्या. सोलापूरहून येऊन नुकतीच रुजू झालेली एक मुलगी दुपारी त्याच पानावर काम करत होती. मी काही एक न पाहता चारचौघांत म्हणालो, “कशाला हात लावण्याआधी विचारत जा जरा.”

ती काही बोलली नाही. तासाभराने माझ्या टेबलाशी आली. “सर, त्या फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं होतं. तुम्ही ते लहान केलंत का?”

केले होते. टापटिपीचा झटका! विंडोज आणि बहुतेक मॅक फाइलींच्या नावांत लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद मानत नाहीत. सर्व्हरवरचे लिनक्स मानते. बदलांची वही ठेवणाऱ्या गिटनेही माझ्या यंत्राच्या भिडेने हे नामांतर टिपलेच नव्हते. म्हणजे पत्त्यांत नाव नवे आणि सर्व्हरवर फाइल जुन्याच नावाची. तिने नाव गिटकरवीच बदलून घेतले. दहा मिनिटांत पान झळकले.

बोललो होतो चारचौघांत, आणि माफीसाठी तिला जिन्यात गाठावे असा माझा विचार. जिन्यापर्यंत गेलोही. मग परत वळलो आणि सगळे बसलेले असताना म्हटले, “मघाची चूक माझी होती.” दोघातिघांनी माना वर केल्या. ती “ठीक आहे, सर” म्हणाली आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

घरी पोचलो तो ही भाजणी भिजवून बसलेली. “अहो, सोऱ्या कुठे ठेवलात?”

“तिथे मागे…” म्हणता म्हणता मी जीभ चावली. “स्वयंपाकघराच्या दारातून शिरलीस की उजवीकडे, सगळ्यांत खालचा खण.”

तिथे तो नव्हता.