लग्नाची डीव्हीडी कापण्याआधी

चि. सायलीस,


आई-बाबांच्या लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाला दहा मिनिटांची फिल्म करायचं तुझ्या मनात आहे, फार बरं वाटलं. ताईने कपाटातून डीव्हीडी काढून दिली, तू ती उघडलीस आणि मला फोन केलास: ‘मामा, यात लग्न कुठेय?’ लग्न व्हीओबी नावाच्या फायलींत आहे. आयएफओ म्हणजे कुठून काय सुरू होतं याची नोंदवही आणि बीयूपी ही तिची नक्कल. २००० नंतरच्या दशकात लग्न झालेल्या कितीतरी घरांत अशी एक डिस्क पडून असेल, म्हणून हे उत्तर सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो.

व्हीओबी सुट्या सुट्या घेऊन त्यांचं एक्स्टेन्शन बदलायचा उद्योग करू नकोस. डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे एक फाइल १ जीबीच्या वर जात नाही, म्हणून ती तिथे तुटते. तेव्हा सप्तपदी चालू आहे की पंगत, याच्याशी त्या तुटण्याचा संबंध नसतो. वेगवेगळ्या उचलल्यास तर सांध्यावर आवाज घसरतो, वेळेचा हिशेब चुकतो. मेकएमकेव्हीसारखं सॉफ्टवेअर आयएफओ वाचून सगळे तुकडे सलग जोडतं आणि चित्राला हात न लावता एमकेव्ही फाइलमध्ये ठेवतं. घरच्या डिस्कला सिनेमाच्या डीव्हीडीसारखं कुलूप सहसा नसतं, त्यामुळे तिथे काही अडू नये. डिस्कवर ओरखडे असतील तर आधी डीडीरेस्क्यूने पूर्ण डिस्कची आयएसओ प्रत काढ. ते वाचता येईल तेवढं आधी उचलतं आणि अडलेल्या जागी नंतर पुन्हा पुन्हा जातं.

हँडब्रेक वापरू का, असं विचारलंस. फिल्म बघायला किंवा मावशीला पाठवायला प्रत हवी असेल तर खुशाल वापर. पण ते चित्र पुन्हा दाबतं. डीव्हीडीवरचं चित्र एमपीईजी-२ मध्ये आधीच दाबलेलं आहे. एकदा हँडब्रेकने दाबायचं, मग एडिटिंग करून पुन्हा दाबायचं, अशाने आजीच्या नऊवारीच्या काठावर चौकोनच चौकोन दिसतील.

खरी अडचण कापताना येते. एमपीईजी-२ मध्ये साधारण अर्ध्या सेकंदातून एकच चित्र पूर्ण साठवलेलं असतं. बाकीच्यांत आजूबाजूच्या चित्रांपेक्षा काय वेगळं आहे एवढीच नोंद. मधूनच कापायला गेलीस की संगणकाला मागचं-पुढचं सगळं मांडत बसावं लागतं. शिवाय आवाज बहुधा एसी-३ असतो आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तो येतच नाही. म्हणून एमकेव्हीमधून हवे तेवढेच प्रसंग निवड आणि एफएफएमपेगने प्रोरेसमध्ये घे, आवाज न दाबलेल्या पीसीएममध्ये. प्रोरेसमध्ये प्रत्येक चित्र आपापलं पूर्ण असतं. त्याची किंमत जागेत मोजायची: या आकाराच्या चित्राला, सेकंदाला २५ चित्रं असतील तर, तासाला साधारण १८ जीबी, ५० असतील तर त्याच्या दुप्पट. सबंध लग्न बदलत बसू नकोस.

आपल्याकडची डिस्क पॅल पद्धतीची: ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चित्रं आणि प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्यांत. बाबा मुंडावळ्या सावरत वळतात तिथे तुला कडेला कंगव्याचे दाते दिसले, ते यामुळेच. एफएफएमपेगमधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टर लाव आणि सेकंदाला ५० चित्रं करून घे. २५ केलीस तर निम्मी हालचाल वाया जाईल. चित्राचं प्रमाणही तपास. ही डिस्क चारास तीनची आहे, तिला सोळास नऊ करायला ताणलंस तर सगळं वऱ्हाड जाडजूड दिसेल. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू देत.

एआय वापरून फोर-के करायचा मोह तुला होणारच. माझं मत विचारशील तर नको. जे टिपलंच गेलं नाही ते सॉफ्टवेअर अंदाजाने रंगवतं, आणि आजोबांचा चेहरा अंदाजाने रंगवलेला मला नको आहे.

आवाजाकडे मात्र नीट लक्ष दे. आपल्या व्हिडिओवाल्याने बऱ्याच ठिकाणी सिनेमाची गाणी चढवली आणि खालचा मूळ आवाज पुसला. तो आता परत मिळणार नाही. पण मंगलाष्टकं त्याने सोडली आहेत. शेवटचं कडवं आजोबा म्हणतात, थोडं बेसूर, तरी ते पूर्ण ठेव. कानपिळीत मी तुझ्या बाबांचा कान पिळतोय, तोही ठेव. बाबा नको म्हणतील, ऐकू नकोस.

आयएसओ आणि एमकेव्ही दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेव, एक माझ्याकडे पाठव. लिहिता येणाऱ्या डीव्हीडीवरचा रंगाचा थर काळाने खराब होतो आणि नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह सहसा येत नाहीत. हे वाचणाऱ्या इतरांनाही विनंती: कुणाकडून तरी ड्राइव्ह मागून आणा आणि कपाटातली डिस्क याच महिन्यात उतरवून घ्या. एडिटिंग पुढे कधीही होईल.

तुझा,
मामा