मापात पाप नव्हते, तरीही

सांगलीच्या हळद पेठेत तीन पिढ्या अडत दुकान चालवणाऱ्या घरातला थोरला मुलगा हॉटेल व्यवस्थापन शिकायला मुंबईस गेला, तेव्हा घरात कोणीच हरकत घेतली नाही. पुढेमागे एखादे शुद्ध शाकाहारी उपाहारगृह काढील, एवढीच सर्वांची समजूत. पण दुसऱ्या वर्षी त्याला आपल्या हातांतल्या कसबाची ओळख पटली, ती स्वयंपाकघरात नव्हे, बारच्या काउंटरमागे.

त्या व्यवसायात यश कशाने मिळते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. बाटल्या हवेत उडवण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. गर्दीच्या रात्रीचे यश दुपारीच ठरलेले असते. लिंबे ताजी पिळलेली, पाक गाळलेला, प्रत्येक बाटली आपल्या जागी, फडके कोरडे. जिगर नावाच्या दोन तोंडांच्या मापात एका बाजूला ३० मिलिलिटर, दुसऱ्या बाजूला ६०. शेकर बर्फासह बारा-पंधरा सेकंद हलवायचा, कारण वितळून मिसळणारे पाणी हाही मिश्रणाचाच एक घटक असतो. पहाटे दुकान झाडून तराजू पुसणाऱ्या आजोबांना पाहत वाढलेल्या मुलाला ही शिस्त नवी नव्हती.

त्याने मद्याचा थेंबही कधी जिभेवर घेतला नाही. लहानपणी मुनिमहाराजांसमोर घेतलेला नियम त्याने मोडला नाही. मग चवीचे काय? ते काम प्रमाणावर चाले. दोन भाग मद्य, एक भाग आंबट, एक भाग गोड, अशी पेयांची कुळे ठरलेली असतात. १८६२ साली न्यूयॉर्कमध्ये जेरी थॉमस या बारटेंडरने ती प्रथम ग्रंथरूपाने छापली, तेव्हापासून ही विद्या वहीत बसू लागली. तो नाकाने पारखी, मापाने बनवी. चाखून पाहण्याचे काम सहकारी करी. महाराष्ट्रात कडक मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. शंका आली की तो ओळखपत्र मागे. तोल सुटू लागलेल्या पाहुण्यासमोर तो पेल्याऐवजी पाणी ठेवी. चार वर्षांत तो त्या काउंटरचा प्रमुख झाला. एकदा आलेल्या पाहुण्याचे नाव आणि त्याचे पेय त्याच्या कायमचे लक्षात राही, याचे सर्वांना कौतुक होते.

सांगलीत मात्र मंदिराच्या पायरीवर कोणी विचारले, की अण्णा म्हणत, “हॉटेलात मोठ्या हुद्द्यावर आहे.” वाक्य खोटे नव्हते आणि पुरेही नव्हते. कमी-अधिक माप वापरण्याला तत्त्वार्थसूत्राने अचौर्य व्रताच्या अतिचारांत गणले आहे. आयुष्यभर काटा सरळ धरलेल्या माणसाला आपलेच वाक्य वजनात कमी भरते, हे जाणवत असले पाहिजे.

त्या काउंटरवर एक गृहस्थ तीन वर्षे नेमाने येत. ते आसनावर बसण्यापूर्वीच त्यांचा पेला तयार असे. एके दिवशी ते येईनासे झाले. महिन्याभराने त्यांचा एक मित्र आला आणि सहज बोलल्यासारखे सांगून गेला, की यकृत निकामी होऊन ते गेले. त्या गृहस्थांना त्याने कधी जास्त पाजले नव्हते. एकेका संध्याकाळचा हिशेब चोख होता. पण तीन वर्षांची बेरीज कोणीच केली नव्हती. ज्या स्मरणशक्तीचे कौतुक होत असे, तीच त्या रात्री त्याला झोपू देईना. पाठशाळेत पाठ केलेले तीन शब्द आठवले: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करणे, करवणे, केल्यास संमती देणे. पहिल्यापासून तो दूर राहिला होता. उरलेल्या दोहोंचे काय?

दशलक्षण पर्वात तो घरी आला आणि अण्णांना सारे सांगितले. “अण्णा, मी माप कधी चुकवलं नाही.”

अण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मापात पाप नाही केलंस, हे मला ठाऊक आहे. पण मापात काय ओततो, तेही दुकानदारानंच बघायचं असतं. आणि तू काय करतोस ते मी लोकांपासून लपवलं, ती चूक माझी.”

क्षमावाणीच्या दिवशी दोघांनी एकमेकांना हात जोडले. त्या वर्षी ती केवळ रीत नव्हती.

नोकरी सोडणे सोपे गेले नाही. पुण्यात मद्यपरवाना नसलेल्या एका उपाहारगृहात त्याने काउंटर मांडला, तो एकतृतीयांश कमी पगारावर. जेरी थॉमसच्या त्याच पुस्तकात मद्यविरहित पेयांचेही एक प्रकरण आहे. आता त्याला तेवढेच हवे होते. जुने कसब इथे अधिकच कसाला लागले. कारण ‘मद्यविरहित’ म्हणून दिल्या जाणाऱ्या पेयातही कित्येकदा बिटर्सचे दोन-चार थेंब पडतात, आणि प्रसिद्ध अँगोस्टुरा बिटर्समध्ये ४४.७ टक्के अल्कोहोल असते. व्हॅनिलाचा अर्कही बहुधा अल्कोहोलातच उतरवलेला असतो. तो प्रत्येक बाटलीची चिठ्ठी वाचू लागला. मधाऐवजी खडीसाखरेचा पाक आला, ओल्या आल्याऐवजी सुंठ, फेसासाठी अंड्याच्या पांढऱ्याऐवजी हरभरे शिजवलेले पाणी. रात्रिभोजनत्यागामुळे सूर्यास्तानंतर त्याला सरबतही चाखता येत नाही. म्हणून साऱ्या चवी तो दुपारीच ठरवतो, वहीत नोंदवतो आणि रात्री केवळ मापावर चालतो.

पहिले सहा महिने काउंटर जवळजवळ रिकामा होता. मग समाजातल्या लग्नांची बोलावणी येऊ लागली. पगार अजून पूर्वीइतका झालेला नाही. जुन्या काउंटरवर त्याने तयार केलेली दोन मुले आजही तिथेच उभी असतात; त्यांच्याविषयी तो वावगा शब्द बोलत नाही.

मागच्या उन्हाळ्यात अण्णा पुण्याला आले. दिवस मावळायला तासभर होता. त्याने कोकम आणि सुंठेचे पेय समोर ठेवले. हळदीचा कस बोटांवर चोळून सांगणाऱ्या त्या माणसाने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हटले, “सुंठ जुनी आहे. नवी आण, आणि थोडी कमी घाल.”

त्याने वही उघडून तसे लिहून ठेवले.

सांगलीत परतल्यावर मंदिराच्या पायरीवर कोणीतरी नेहमीप्रमाणे विचारले, “मुलगा काय करतो?”

“बारटेंडर आहे,” अण्णा म्हणाले. “दारू सोडलेला.” आणि चपला घालून ते सावकाश दुकानाकडे निघाले.